आपलीच दृष्ट

"कॅप्टन, घरात आणखी कोणी आहे का?" डॉक्टर सफिनाजनं विचारलं तेव्हा एहाबला वाटलं, बाई कुणाला तरी आत बोलवायला सांगतायत. आईला, नाहीतर बहिणीला. तो म्हणाला, "आहेत ना, सगळे बाहेरच बसलेत, बोलावू?" आणि उठलासुद्धा. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली, कारण तिच्या हातांमध्ये तो घट्ट बसला होता. एरवी अशा वेळी लोक हसतात आणि त्याला ते आवडतं. बाई हसल्या नाहीत. "बसा," त्या म्हणाल्या. "मी वेगळं विचारतेय. तुमच्या वडिलांना यकृताचा तुकडा देता येईल असं घरात तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?" तो बसला. कानात क्षणभर काहीच शिरेना. खिडकीबाहेर ट्राम घंटा वाजवत गेली आणि तो मूर्खासारखा ती कुठल्या रंगाची असेल याचा विचार करत राहिला. त्याच्याशिवाय? हा शब्द त्याच्याबाबतीत आजवर कुणी वापरला नव्हता. जिममध्ये घडलेला म्हणून सारा कर्मूझ मोहल्ला त्याला कॅप्टन म्हणायचा, आणि तिथं काहीही उचलायचं असलं, ढकलायचं असलं, कुणाला धमकवायचं असलं तरी त्याच्याशिवाय व्हायचं नाही. यकृत माणसाच्या अंगातून कापून देता येतं आणि देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, असं याच बाईंनी सांगितलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं होतं. कुणी विचारलं नाही, त्यानं हो म्हटलं नाही. कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं असलं की जसं बघतात तसं बघितलं, झालं. त्या बघण्याची ऊब तो आठवडाभर अंगावर घेऊन हिंडत होता.

"माझ्याशिवाय कशाला?" तो म्हणाला. "रक्तगट जुळतो. बहिणीचा, नजलाचा जुळत नाही, आईला साखर आहे. मी आहे की. बघा ना माझ्याकडे." "बघतेय," बाई म्हणाल्या. "दारू पिता?" "तोबा, तोबा! जन्मात थेंब नाही, सिगारेटसुद्धा नाही. विचारा कुणालाही." हे खरंच होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. मग त्यानं जिमच्या कॅप्टन सलामानं शिकवून ठेवलेलं वाक्य काढलं. "डॉक्टर, आकडे वाढलेले दिसत असतील ते व्यायामानं. स्नायूंवर ताण आला की रक्तात तसं दिसतं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन आकड्यांबाबत तुमचं बरोबर आहे. ते स्नायूंमुळेही वाढतात. पण तिसरा एक असतो, तो स्नायूंमुळे वाढत नाही. तो तुमचा आभाळाला टेकलाय. वर डोळ्यांत पिवळी झाक. काय घेता?" "प्रोटीन. जीवनसत्त्वं." "आणि?" "आणि काही नाही." "कॅप्टन, तुमचे वडील बाहेर दिवसेंदिवस पिवळे पडतायत आणि तुम्ही इथं बसून माझ्याशी पत्ते खेळताय. स्टेरॉइडच्या सुया बंद करा, गोळ्या बंद करा, सगळं बंद करा. दीड-दोन महिन्यांनी परत रक्त घेऊ. यकृत फार क्षमाशील असतं, उतरेलही. पण खोटं बोलणाऱ्याला मी टेबलावर घेत नाही." तो अगदी शांतपणे म्हणाला, "बंद काय करायचं? मी काही घेतच नाही." आणि खुर्चीतून स्वतःला सोडवून बाहेर आला.

बाहेर आई, नजला आणि बाबा बाकावर बसले होते. बाबांचं पोट गळ्याखाली घडा बांधावा तसं पुढे आलेलं, बाकी अंगाची काडी. आईनं भुवया उडवून विचारलं, काय झालं? त्यानं अंगठा दाखवला. "मशीन बिघडलंय त्यांचं. परत यावं लागेल." किती सहज निघालं तोंडातून! त्यांना टॅक्सीत बसवून दिलं, "मी येतो मागून" म्हणाला आणि समुद्राकडे चालायला लागला. त्याला वाटलं, आपण चिडलोय. बाईवर, मशीनवर. चिडल्यावर तो नेहमी चालतो आणि माणसं बाजूला होतात. आजही झाली. बोटभर दाढी राखलेल्या एका पोरानं मोबाइल वर करून त्याचा फोटो घेतला. एहाबनं नकळत खांदे रुंद केले. केल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं, आणि त्या हसण्याच्या खाली कुठंतरी बरगडीखाली उजवीकडे त्याला काहीतरी जाणवलं. दुखत नव्हतं. आजवर तिथं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. दंडाचा प्रत्येक पदर, पाठीची प्रत्येक शीर तो नावानिशी ओळखायचा, आरशात एकेकाला हाक मारून उठवायचा. हा एक मात्र आत अंधारात मुकाट राबत होता आणि याला कधी हाक मारलीच नव्हती. लाज वाटली त्याला. तरी मन म्हणत होतं, अरे सोड, बायकांचं बोलणं. महिनाभरावर देशपातळीची शरीरसौष्ठव स्पर्धा आलीय. जिमच्या शटरवर तुझं चित्र रंगवलंय. एवढा कोर्स पुरा कर, मग बंद. सलामानं काय सांगितलंय? सुई यकृतात जात नाही, गोळी जाते, आणि गोळीवर उतारा म्हणून दुसरी गोळी असते. तो दोन्ही घेत होता, उतारा आणि विष, नेमानं, नाश्त्याच्या घेवड्याच्या उसळीबरोबर, आणि इतकी वर्षं त्याला हा हिशेब अगदी सरळ वाटत आला होता.

लहानपणी त्याला मोहल्ल्यातली पोरं 'कापूस' म्हणायची. बाबा पिंजारी. कुणाचं लग्न ठरलं की नवरीच्या गाद्या भरायला त्यांना बोलावणं यायचं, आणि गल्लीत ताडपत्री अंथरून ते पिंजणाच्या तातेचा टणत्कार करत बसायचे. बायका खिडक्यांतून जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्या द्यायच्या, सरबत यायचं, आणि शाळेतून आलेला हडकुळा एहाब भुवयांवर कापसाचे कण घेऊन त्या सगळ्याच्या मध्ये उभा राहायचा. बाबांचे हात तारेसारखे बारीक. त्या हातांनी दगड होऊन पडलेला जुना कापूस ते असा काही फुगवायचे की दोन गाद्यांच्या तीन व्हायच्या. पोराला मात्र त्या हातांची शरम वाटायची. बाकीच्यांचे बाप हमाल होते, खलाशी होते, त्यांच्या दंडांवर गोंदलेलं असायचं. आपला बाप म्हणजे कापूस, आपण म्हणजे कापूस. मग एक दिवस तो सलामाच्या जिमचा जिना चढला. आता चालता चालता त्याला वाटलं, आपण तरी दुसरं काय केलं? बाबा गाद्या फुगवायचे, आपण स्वतःला फुगवलं. फक्त त्यांच्या गाद्यांवर पोरीबाळींचे संसार झाले. हा विचार त्याला मुळीच आवडला नाही. त्यानं रस्ता ओलांडला, उसाचा रस प्यायला, दोन ग्लास, आणि घरी निघाला.

घरी जत्रा. बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण चारही मजल्यांवरच्या बायका येऊन बसल्या होत्या. शेजारच्या हाज्जा फकीहानं बदक भरून आणलं होतं. "आला गं आला, सिंह आला!" ती ओरडली. "काय हे पोर! बापासाठी काळीज काढून देणारं! आमचे बघा, बिडीची थोटकंसुद्धा देत नाहीत." एहाब हसला. हसणं त्याला चांगलं जमायचं. "मशीन बिघडलंय," तो पुन्हा म्हणाला, "परत तपासणार आहेत." पण नजला बारावीत पहिली आलेली आणि बँकेत नोकरी करणारी पोरगी. तिनं त्याच्या मागे कपाटापर्यंत येऊन हळूच विचारलं, "दादा, मशीन बिघडलंय की तुझे आकडे बिघडलेत? नर्स बोलत होती." त्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "थोडे वर आहेत. उतरतील." एवढंच. पण आईच्या कानांना भिंती आड येत नाहीत. तिनं ऐकलं, जागच्या जागी उभी राहिली, आणि मग एकदम सगळ्या बायकांना म्हणाली, "जा गं बायांनो, जा, त्याला झोपू द्या." हाज्जा फकीहाचं बदक अर्धं ताटात होतं, तिलाही जा म्हणाली.

दार लागल्यावर आईनं वर्तमानपत्र घेतलं, कात्री घेतली आणि जमिनीवर बसून दृष्ट उतरवून जाळायची ती बाहुली कापली. डोकं, दोन हात, दोन पाय. मग पदरातून सुई काढली. "दृष्ट लागलीय माझ्या काळजाला," ती म्हणाली. "लागणारच. एवढं मोठं चित्र काय रंगवायचं शटरवर! मी म्हणतच होते." सात-आठ वर्षांचा असल्यापासून एहाब तिला आपल्याला काळीज म्हणताना ऐकत आला होता. ताप आला की काळजा, पास झाला की काळजा, भांडण करून आला की मर माझ्या काळजा. काळीज म्हणजे यकृतच की, आज पहिल्यांदा तो शब्द ऐकून बरगडीखालचं ते मुकं जनावर हललं. आई बाहुलीला टोचायला लागली. "ही फकीहाच्या डोळ्यासाठी. बदक आणते, पण बघते कशी! ही सलामाच्या डोळ्यासाठी. ही रस्त्यात तुझे फोटो काढतात त्यांच्यासाठी, कोण असतील ते. ही तुझ्या चुलत्याच्या पोरासाठी, त्याला पोटच सुटलंय. सांग रे, आणखी कुणी बघितलं तुझ्याकडे? आठव." नजला भिंतीला टेकून उभी होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाबा पडल्या पडल्या बघत होते. हल्ली ते कधी वार विसरायचे, कधी माणसं, पण आज डोळे लख्ख होते. पिवळे, पण लख्ख. "आठव की," आई म्हणाली. "ज्यानं जास्तीत जास्त बघितलं त्याचं नाव सुटलं तर सगळं फुकट जातं." आणि एहाबला आरसे दिसले. जिममधल्या तीन भिंतींवरचे आरसे, न्हाणीघरातला फुटका आरसा, दुकानांच्या काचा, थांबलेल्या गाड्यांच्या काचा. कुणी बघितलं? दिवसातून शंभरदा, हावऱ्यासारखं, अजून हवं, अजून हवं म्हणत, एवढ्यानं माझं भागत नाही म्हणत, कुणी बघितलं?

"माझं नाव घे," तो म्हणाला.

"कसलं नाव?" "माझ्या डोळ्यासाठी टोच, आई. एहाबच्या." आई हसली. "वेडा आहेस का? स्वतःची दृष्ट कुणाला लागते?" "मला लागलीय." मग तो तिच्यासमोर फरशीवर बसला. एवढा मोठा देह खाली बसताना घरातल्या वस्तूंना जागा करून द्यावी लागते, त्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात पुन्हा खोटं बोलता आलं असतं. "मी सुया घेतो. चार वर्षं झाली. गोळ्याही घेतो. हे सगळं," त्यानं दंडावर थाप मारली, "उसळ आणि अंड्यांवर नाही झालं. बाईंनी मला सरळ विचारलं आणि मी त्यांना सरळ नाही म्हणून आलो." आईच्या हातातली सुई तशीच राहिली. तिला सुया म्हणजे काय ते नीटसं कळलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. "म्हणजे तू आजारी आहेस?" "नाही गं. पण बाबांना द्यायला आज माझ्याकडे चांगला तुकडा नाही." हे बोलल्यावर त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट खूप दिवसांचा बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं वाटलं. आईनं मात्र पदर तोंडात कोंबला. तिनं बाहुली जाळली नाही, नुसती चुरगाळून मुठीत धरून बसली.

आतून बाबा बोलले. आवाज बारीक होता, पण शब्द नीट होते. "एहाब, इकडे ये." तो गेला. "मी हो का म्हणालो होतो माहीत आहे? मला वाटलं, हा बैल आहे. बैलाच्या अंगातला घासभर गेला तर बैलाला पत्ता लागायचा नाही. आता कळतंय बैल बिल काही नाहीस. लहानपणी मला गावच्या शाळेत रांगेत उभं करून सुया टोचल्या, सगळ्यांना एकच सुई, तिथूनच हा रोग अंगात शिरला. मी लहान होतो, मास्तर म्हणाले हात पुढे कर, केला. तुला कुणी सांगितलं होतं हात पुढे कर म्हणून?" एहाबनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला नको तुझं काळीज," बाबा म्हणाले. "तुझं तुलाच पुरायचं नाही. मी माझं बघून घेईन." आणि तोंड भिंतीकडे केलं. एहाब तिथं उभा राहून त्यांची मान बघत होता. एवढीशी मान. रागही आला, मायाही आली, आणि त्या दोघांच्या वर त्याची जुनी घमेंड उसळून आली. छे! बापानं नाही म्हटलं म्हणून काय झालं? हा एहाबला ओळखत नाही. "बाबा," तो म्हणाला, "मी ते चांगलं करून आणतो. मग काय म्हणायचं ते म्हणा." दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टर सफिनाजच्या दारात जाऊन उभा राहिला आणि आत न बसता सगळी नावं सांगून टाकली, सुयांची आणि गोळ्यांची. बाई म्हणाल्या, "हं. आता बसा."

घमेंड आली तरी करायचं काय, हेच त्याला पहिल्यांदा कळेना. आजवर जे काही मिळवलं ते रेटून मिळवलं होतं. वजन वाढव, परत उचल, ओरड, परत उचल. इथं रेटायला काही नव्हतं. यकृताला व्यायाम नसतो. त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं आणि थांबायचं, एवढंच. जिमला जाणं बंद केलं. कॅप्टन सलामा दारापर्यंत आला. "स्पर्धा तोंडावर आलीय, वेड लागलंय का? निदान सुया तरी चालू ठेव, एकदम सोडल्या तर बाईमाणूस होशील!" "झालो तर तुझ्याकडे लग्नाचं बोलणं घेऊन येईन," एहाब म्हणाला. विनोद चांगला होता, पण सलामा काही पार चुकला नव्हता. अंगातला जोर नळाचं पाणी जावं तसा गेला. दुपारी झोप यायची, संध्याकाळी विनाकारण डोळे भरायचे. एकदा टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत एक म्हातारा नातवाला आंघोळ घालताना बघून तो हुंदके द्यायला लागला आणि नजलानं धावत येऊन विचारलं, कोण गेलं? सदरे ढिले झाले. कॉलरमध्ये मान हलायला लागली. जिमच्या शटरवर नवं चित्र आलं, दुसऱ्या कुणाचं. कॉफीच्या दुकानातले म्हणायचे, "काय कॅप्टन, उपास धरलास की पोरगी सोडून गेली?" आणि एक दिवस फळवाल्यानं त्याला कॅप्टन म्हटलंच नाही, नुसतं म्हणाला, "ए भाऊ, संत्री बघून घे." त्याला ते लागलं. फार लागलं. घरापर्यंत येताना त्यानं काचा बघायच्या नाहीत असं ठरवलं होतं तरी बघितल्या. काचेत एक साधारण बांध्याचा, खांदे थोडे उतरलेला पिंजाऱ्याचा पोरगा संत्री घेऊन चालला होता. घाबरायचं काही कारण नव्हतं. तो बघण्यासारखा नव्हता, पण वाईटही नव्हता. यावरही त्याला जरा समाधान वाटलं, घमेंड कुठं अशी मरते!

भीती होती ती एकच, आणि ती घरातच पलंगावर पडलेली होती. त्याचं यकृत सावरायच्या आत बाबा गेले तर? दोघांची जणू शर्यत लागली होती. इकडं एक हळूहळू धुतलं जातंय आणि तिकडं एक हळूहळू बुजतंय, आणि तो मध्ये उभा, कुणालाही ढकलता येत नाही. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. एका दुपारी त्यांनी एहाबलाच विचारलं, "तुमचं नाव काय साहेब? माझा मुलगा आला का?" आई किंचाळली. एहाबनं त्यांचे पाय चेपत सांगितलं, "येतोय, वाटेत आहे." बाईंच्या औषधानं बाबा चार दिवसांनी परत माणसांत आले. त्या चार दिवसांत तो नमाजाला बसला की एकच मागायचा. पैलवान कर म्हणून आयुष्यभर मागितलं, आता म्हणायचा, साधं कर. आकडे उतरले. एकदम नाही, पायरी पायरीनं. शेवटी बाईंनी सुई घालून आतला कणभर तुकडा काढून तपासला आणि फोनवर सांगितलं, "चालेल. वडिलांना घेऊन या, उशीर नको." एवढंच बोलल्या. कौतुक नाही, काही नाही. एहाबला वाटलं, स्पर्धेत जिंकल्यावर लोक ओरडतात तेव्हासुद्धा आपण इतके उंच नव्हतो.

बाबा उठेनात. "मी सांगितलंय, मला नको." आई रडली, नजलानं आकडे वाचून दाखवले, फकीहानं शेजारून येऊन शिव्या घातल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले. खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. मग एहाब वाकला, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि त्यांना उचललं. पूर्वी त्यानं बाबांना एका हातावर घेतलं असतं, हसत, शेजाऱ्यांना दाखवत. आज पोटातल्या पाण्याचं ओझं इतकं होतं की दारापर्यंतच त्याला घाम फुटला. जिना अरुंद, चार मजले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचे पाय थरथरायला लागले. दुसऱ्यावर त्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. छाती भात्यासारखी चालली होती आणि दंड अक्षरशः जळत होते. मागे आई पिशवी घेऊन, नजला उशी घेऊन उतरत होत्या. बाबांनी डोळे उघडले. पोराचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, गालफडं बसलेली, घाम नाकावरून टपकत होता. बराच वेळ बघत राहिले ते. मग त्यांचा लोंबता हात वर आला आणि चाचपडत एहाबच्या बरगडीखाली उजवीकडे येऊन थांबला.

"ठेव खाली मला," ते म्हणाले. "दमलास."

"दमलोय," एहाब म्हणाला.

"कापतील तुला इथं. दुखेल रे."

"दुखेल."

बाबांनी तो हात तिथून काढला, दुसराही उचलला, आणि दोन्ही हात पोराच्या मानेभोवती टाकले, लहान मूल टाकतं तसे, घट्ट. वजन एकदम हलकं झालं. एहाबनं श्वास घेतला आणि पुढची पायरी उतरला.